ऑपेरा कुठाय? : शोनब्रुनमधलं एक लग्नचित्र

आता पडद्यावरचं हे चित्र बघा. आधी काय दिसतं? माणसं. ओळीमागून ओळ, पांढरे टोप, रेशमी झगे. मग ऑपेरा कुठाय? तो तिकडे, पार टोकाला, रंगमंचावर. ऑपेराच्या चित्रात ऑपेरालाच सगळ्यात कमी जागा, असं का, हे आज आपल्याला बघायचंय.

ऑक्टोबर १७६०, व्हिएन्ना. मारिया तेरेसाचा मुलगा योसेफ आणि पार्माची इसाबेला यांचं लग्न. वर एकोणीस वर्षांचा, वधू अठराची. त्या सोहळ्यासाठी ग्लुकने ‘तेतीदे’ रचली. खरं तर ही सेरेनाटा, म्हणजे ऑपेराचीच समारंभासाठीची धाकटी बहीण म्हणा. दरबारी चित्रकार मार्टिन फान मायटेन्स आणि त्याच्या कार्यशाळेने या लग्नाची पाच भव्य चित्रं केली: वधूचं आगमन, विवाहविधी, मेजवान्या आणि हे संगीत. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमसारखंच. आणि अल्बममध्ये कोण आलं होतं आणि कोण कुठे बसलं होतं, हेच तर महत्त्वाचं!

रोकोको म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फ्रागोनारचा झोका येतो, हलकंफुलकं, थोडं चावट. इथे तसलं काही नाही. नजर माणसांच्या रांगांतून पुढे जाते ती सम्राटाच्या कुटुंबाशी थबकते. चित्र म्हणून आम्हाला हे थोर वाटत नाही. सगळे चेहरे सारख्याच निगुतीने रंगवलेत, त्यामुळे जीव कुणातच उतरत नाही. पण दरबार स्वतःला कसा बघत होता, याचा इतका चोख पुरावा क्वचित मिळतो.

चोख म्हणतोय खरं, पण थांबा. या गर्दीत एक लहान मुलगा आहे. तो मोझार्ट, असं सांगतात, आणि पर्यटक त्यालाच शोधत बसतात. आता हिशोब करा. मोझार्टचा जन्म जानेवारी १७५६चा. म्हणजे लग्नाच्या वेळी तो चार वर्षांचा, आणि होता साल्झबुर्गला. शोनब्रुनला तो वाजवायला आला ऑक्टोबर १७६२मध्ये. मग लग्नाला कसा हजर? उत्तर सोपं आहे. एवढं मोठं काम लगेच पुरं झालेलं नाही, त्याला काही वर्षं लागली. मधल्या काळात हा मुलगा व्हिएन्नात गाजला आणि त्याला मागाहून गर्दीत बसवलं, अशी ती समजूत. तो मोझार्टच का, यावर वाद घालता येईल. पण तो असेल, तर दरबाराला घडलेली संध्याकाळ जपायची नव्हती, घडायला हवी होती ती जपायची होती, असंच म्हणावं लागतं.

आणि जिच्यासाठी हा थाट, ती इसाबेला? नोव्हेंबर १७६३मध्ये ती देवीच्या साथीत गेली. वय एकवीस. तिला शोधायला मात्र या चित्रासमोर फारसं कुणी थांबत नाही.

आता याच मालिकेतलं मेजवानीचं चित्र घेऊ. दिवे जरा कमी करता का?