दुर्गसाहित्यातली वाट

आमच्या कमलनगरला चढावा असा डोंगर नाही. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला बीदर; दोन्हीकडे बसमधून उतरून थोडे चालले की किल्ल्याचा दरवाजा. 1956 च्या प्रांतरचनेनंतर कर्नाटकात राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना सह्याद्री प्रथम भेटतो तो पुस्तकातच. म्हणून दुर्गसाहित्य वाचताना मी एक साधा प्रश्न विचारतो : या पुस्तकाच्या आधाराने माझा दहावीचा विद्यार्थी गडावर पोचेल काय?

बहुतेक पुस्तके इथे नापास होतात. लेखक पायथ्याशी नमस्कार करतो आणि पुढच्याच परिच्छेदात बुरुजावर उभा राहून गहिवरतो. मधला दोन-तीन तासांचा चढ, पाण्याचे टाके, चुकवणारी ढोरवाट, यांना चार ओळीही मिळत नाहीत. इतिहासाचा उमाळा खरा असेल, पण वाट गाळली की गड नुसते व्याख्यानाचे व्यासपीठ होतो. वास्तविक वाट हाच गडाचा इतिहास आहे. 1818 साली इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्या काही शोभेच्या होत्या म्हणून नव्हे. अलंग-मदनवर आजही दोराशिवाय जाणे धोक्याचे, याचे मूळ त्या तुटलेल्या पायऱ्यांत आहे.

प्र. के. घाणेकरांचे ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!!’ ही उणीव भरून काढते. पायथ्याचे गाव, चढण, मुक्काम, सगळे रोकडे. काही समीक्षक अशा पुस्तकांना ‘माहितीपर’ म्हणून बाजूला सारतात. मला तो अन्याय वाटतो. परक्या माणसाला नीट वाट सांगणे हे गद्याचे जुने आणि अवघड काम आहे. आमच्या शाळेत ‘घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता’ लिहायला सांगून बघावे म्हणजे कळेल!

गो. नी. दांडेकरांचे मोल मात्र निराळे. त्यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ मला थोडी जास्तच भारावलेली वाटते. त्यांच्या कादंबऱ्यांत मात्र वाट ज्याची आहे तो माणूस दिसतो. ‘पवनाकाठचा धोंडी’तला तुंगचा हवालदार, ‘माचीवरला बुधा’तला मुंबई सोडून राजमाचीला येऊन राहिलेला म्हातारा : यांना गड ‘पाहायचा’ नसतो. राजमाचीला लोणावळ्याकडून लांबची सपाट वाट आहे आणि कोंडिवड्याकडून अंगावर येणारी चढण. आपल्याला त्या दोन सहली, बुधाच्या मुलखाला ती येण्याजाण्याची सोय.

यात मी ‘जैत रे जैत’ सर्वांत वर ठेवतो. 1977 साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि तेव्हापासून लोकांना महानोरांची गाणीच तेवढी आठवतात. पण ही मुळात एका चढाईची कथा आहे. ठाकराचा नाग्या राणीमाशीवर सूड उगवायला लिंगोबाच्या उभ्या सुळक्याला भिडतो. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आजही आग्यामाशांची पोळी लोंबतात आणि आरोहकांना त्यांचे भय असते, म्हणजे दांडेकरांनी संकट कल्पनेतून आणलेले नाही. जयाची किंमत चिंधीच्या प्राणांनी चुकते. शिखर गाठल्याचा आनंद लेखक वाचकाला निखळ मिळू देत नाही, हे मला त्यांचे धैर्य वाटते. ‘गाथे’तल्या त्यांच्याच उमाळ्याला हे उत्तर आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. रायगड, राजगड, साल्हेर त्यांत आले. रायगडाला 1996 पासून रज्जुमार्ग आहेच. आता सचित्र ग्रंथांचे पीक येईल. त्यांत तटबंदीचे फोटो भरपूर असतील. पायथ्याच्या ज्या घरात पाणी मागून वाट विचारली, त्या घराला किती पाने मिळतात, हे मी आधी उघडून पाहणार आहे.