भयानकाचा अनादर

रसांची यादी सांगताना भयानकाचे नाव घ्यावयाचे आणि लगेच पुढे जावयाचे, अशी आपल्या टीकाशास्त्राची जुनी रीत आहे. करुणाविषयी आपण ग्रंथ लिहिले, हास्याची मीमांसा केली, शृंगाराविषयी तर बोलावयासच नको. परंतु अंगावर काटा आणणारी कथा माणूस होऊन, पदरचे पैसे खर्चून का वाचतो, या प्रश्नाकडे आपण फारसे वळलो नाही. उलट, नारायण धारप (1925–2008) व रत्नाकर मतकरी (1938–2020) यांचे संग्रह किती हातांतून फिरून खिळखिळे झाले, हे कोणाही ग्रंथपालास विचारावे. वाचकांचा आदर आणि पंडितांचा अनादर यांतील हे अंतर विचार करावयास लावणारे आहे.

हा अनादर प्रस्तुत लेखकाच्या हातूनही घडला आहे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथखरेदीच्या यादीतील धारपांच्या दोन संग्रहांवर आम्ही स्वहस्ते काट मारली आणि शेऱ्यात ‘अभ्यासास निरुपयोगी’ असे लिहिले. ती पुस्तके मागणारा विद्यार्थी प्रवराकाठच्या एका खेड्यातला होता. शेतीपंपाची वीज रात्री येई, म्हणून उसाला पाणी देण्यास तो रात्री जाई. आणि संगमनेर-राहुरीकडच्या उसात बिबट्याचा वावर ही काही कल्पित गोष्ट नव्हे. आम्ही त्यास किंचित उपहासाने विचारले, “खरे भय दाराशी असता हे उसने भय कशास हवे?” तो म्हणाला, “सर, बिबट्याचं भ्या एकट्यानं काढावं लागतं. गोष्टीतलं भ्या आपल्याआधी कुणीतरी काढलेलं असतं.”

त्या वेळी हे उत्तर आम्हांस चतुर वाटले, इतकेच. पुढे ते शास्त्राशी ताडून पाहिले, तेव्हा आमच्या शेऱ्याची आम्हांसच लाज वाटली.

भरतमुनींनी भयाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, अरण्य यांबरोबरच ओसाड घराचाही उल्लेख केला आहे. म्हणजे आजच्या भयकथेचे निम्मे नेपथ्य नाट्यशास्त्रातच सिद्ध आहे! परंतु त्याच ग्रंथात भय हा स्त्रियांचा व हीन प्रकृतीच्या माणसांचा भाव म्हणून सांगितला आहे. भिणे हे थोरांचे लक्षण नव्हे, अशी समजूत एकदा रूढ झाली, की भीतीची कथाही हलकी ठरणारच. आमच्या शेऱ्याचे मूळ बहुधा येथेच असावे. वस्तुतः भय ही मनुष्यमात्राची पहिली भावना आहे. मूल बोलू लागण्यापूर्वीच दचकते.

न. चिं. केळकर यांनी 1921 च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो, तथापि स्वतःची भूमिका सर्वस्वी सोडत नाही, असा तिचा आशय. ही उपपत्ती भयकथेइतकी अन्यत्र क्वचितच पटते. करुणकथेत वाचक स्वतःस विसरला तरी फारसे बिघडत नाही. भयकथेत तो पुरता विसरला तर पुस्तक फेकून पळेल, आणि मुळीच विसरला नाही तर हसेल. या दोहोंमधील अरुंद वाटेवरून लेखकाने त्याला हात धरून न्यावयाचे असते. आमचा विद्यार्थी ‘आपल्याआधी कुणीतरी’ म्हणाला, तो हाच हात.

मग नवी भयकथा जुन्या भुताच्या गोष्टीहून निराळी कशात? लोककथेतील भुतांना नियम असतात. मुंजा पिंपळावर राहतो, हडळीची पावले उलटी असतात, विहिरीवरच्या साती आसरांचा मान ठेवला की त्या कोपत नाहीत, चकवा वाट चुकवितो खरा, पण उजाडताच सोडतो. स्थान ठरलेले, तसा उताराही ठरलेला. धारपांनी ही उताऱ्याची परंपरा बहुतांशी राखली. त्यांचा ‘समर्थ’ संकटाच्या जागी येतो आणि अशुभाचा बंदोबस्त करतो. यात वाचकाला दिलासा मिळतो. परंतु रक्षक येणार हे ठाऊक असल्याने भयाची धार थोडी बोथट होते, हेही कबूल केले पाहिजे.

जेथे रक्षक नाही, तेथे धारपांची शक्ती अधिक जाणवते. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग यांच्या ‘ग्रामा’ या कथेवरून घेतलेली. पुढे 2018 च्या ‘तुंबाड’ चित्रपटातही तिचे बीज आले, व तेथे अंधाऱ्या घरात एका वृद्धेजवळ एकटे ठेवलेले मूल आपण पाहिले. कल्पना परकी आहे, हा आक्षेप खरा. तथापि ‘आजी’ हा शब्द मराठी घरातील सर्वांत निर्भय शब्द आहे. पोराने भ्यावे आणि जिच्या कुशीत शिरावे ती आजी. भयाने तोच शब्द व्यापला, की मग पळावयाचे कोणाकडे? येथे उसनी कल्पना आपल्या घरची होते.

मतकरींनी याच वाटेने पुढचा पल्ला गाठला. त्यांच्या गूढकथांत भूत असो वा नसो, एकाकीपणा, अपराधाची जाणीव, दडपलेला मत्सर यांतूनच भय उगवते. उतारा करावयाचा तो कोणाचा? माणसाच्या मनाचाच! म्हणूनच अशी कथा मिटल्यावरही मनातून मिटत नाही.

ही कथा आखूड का असावी, याचे उत्तर एडगर अॅलन पो यांनी 1842 साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करतानाच दिले आहे: एका बैठकीत वाचून होणारी, एकच परिणाम साधणारी. भयाला विस्तार मानवत नाही. पाने वाढली की खुलासे वाढतात, आणि खुलासा झालेले भय ही केवळ माहिती होय.

अशा कथा अंधश्रद्धा वाढवितात, असा एक आक्षेप आहे, आणि 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रात तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु भोंदूस तुमचा विश्वास हवा असतो, आणि तोही जन्मभराचा. कथाकार तुमची एक रात्र मागतो व सकाळी ती परत करतो. रक्तमांसाचा चिखल करून केवळ जुगुप्सा उत्पन्न करणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. त्यांची तरफदारी आम्ही करीत नाही. निकृष्ट करुणकथाही थोड्या नाहीत, पण म्हणून कोणी करुण रसावर काट मारीत नाही.

ते दोन संग्रह आम्ही पुढे स्वतः विकत घेऊन ग्रंथालयास दिले. तो विद्यार्थी तोवर शिक्षण संपवून गेला होता. एका रात्री त्यांतील एक कथा वाचून दिवा मालवावयास आम्ही उठलो, आणि हात बटनापाशी अडला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचा हात! भिणे हे हीन प्रकृतीचे लक्षण असेल, तर त्या रात्री तरी आम्ही त्या प्रकृतीचे होतो, आणि त्यात आम्हांस कमीपणा वाटला नाही.