तबकडीवरचे नाव

पडका वाडा, पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती आणि परत येण्याचे वचन देऊन गेलेला प्रियकर. एवढ्या सामग्रीवर जगभर किती गाणी झाली याची मोजदाद नाही. इंग्लंडमध्ये १९७९ साली बॉहाउस या वाद्यवृंदाने 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून मोठे गाणे काढले. पडद्यावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या नटाचे नाव मिरवणारे हे गाणे गॉथिक रॉकची सुरुवात मानले जाते. २०१८ साली ते पुन्हा विनाइलच्या तबकडीवर आले. अशा पुनर्मुद्रणांची चर्चा निघाली की आम्हाला त्याच्याही तीस वर्षे आधीची आपल्याकडची एक तबकडी आठवते, 'महल'ची.

बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ साली आला. अमरोह्याच्या कमाल अमरोहींचे हे पहिलेच दिग्दर्शन. खेमचंद प्रकाश यांचे संगीत, नक्शब जारचवी यांची गीते. ओसाड महालात आलेल्या नायकाला झोपाळ्यावर एक स्त्री दिसते, तिचे गाणे ऐकू येते, आणि ती मेलेली कामिनी आहे असे तो समजून बसतो. शेवटी कळते की ती भूत नाहीच. ती माळ्याची मुलगी आशा आहे. चित्रपटाचे खरे मर्म आम्हाला इथे वाटते. जिवंत मुलीकडे कोणी पाहत नाही, म्हणून ती मेलेलीचे नाव घेते.

'आएगा आनेवाला' हे गाणेही याच युक्तीवर उभे आहे. सुरुवातीचा भाग जवळजवळ शेर म्हटल्यासारखा, संथ, तालाच्या बाहेर. मग ठेका येतो आणि इंतजाराला चाल मिळते. आवाज दुरून जवळ यावा म्हणून लताबाईंना ध्वनिक्षेपकापासून लांब उभे करून गात गात पुढे यायला सांगितले होते, ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. भीती दाखवण्यासाठी इथे किंकाळी नाही, वाद्यांचा गडगडाट नाही. आहे ते फक्त अंतर.

आणि त्या तबकडीवर गायिकेचे नाव काय छापले होते? 'कामिनी'. त्या काळी पात्राचे नाव छापण्याचा रिवाज होता. म्हणजे पडद्यावर आशाचे जे झाले तेच तबकडीवर वीस वर्षांच्या एका मराठी मुलीचे झाले. गळा जिवंत बाईचा आणि नाव भुताचे! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, रेडिओने कंपनीला विचारले, तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले.

पडद्यावर ते गाणे जिच्या ओठांवर होते ती मधुबालाही मूळची मुमताज जहाँ बेगम. याच बॉम्बे टॉकीजने १९४४ साली 'ज्वार भाटा'मध्ये यूसुफ खानला दिलीपकुमार केले. यावर आपल्या वाचकांचे मन चटकन दुखते, आमचेही दुखते. पण हिशोब पुरा मांडायला हवा. 'महल'चा नायक अशोककुमार हाही कुमुदलाल गांगुलीच होता. नाव बदलण्याचा धंदा सर्वांच्याच बाबतीत चालला. फरक एवढाच की कोणाचे नाव बदलल्यावर घराण्याबरोबर धर्मही दिसेनासा होई, कोणाचे फक्त घराणे.

आम्ही हे मंचरला बसून लिहितो आहोत. इथून नाशिकच्या रस्त्याला लागले की नारायणगाव येते, तमाशाची पंढरी. तिथल्या फडाच्या पाटीवर नाव असे ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बापाचे नाव, जात, गाव, सगळे त्यात उघडे. समाजाने या बाईंना काय कमी सोसायला लावले? तरी राहुटीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कोण गाणार हे ठाऊक असे. शहरातल्या कंपनीला जे सुचले नाही ते फडाने जपले, हे तमाशाला नाक मुरडणाऱ्यांनी, त्यात आपल्यातलेही आले, ध्यानात घ्यावे.

पुढे लाखेच्या तबकड्या गेल्या, विनाइल आले आणि हे गाणे लताबाईंच्या निवडक गीतांच्या एल.पी.वर त्यांच्या नावाने आले. न्याय झाला, पण अर्धाच. गाणे चित्रपटातून एकटे उचलले गेले आणि 'महल'मध्येच गायलेल्या राजकुमारी आणि जोहराबाई अंबालेवाली मागे राहिल्या. खेमचंद प्रकाश तर १९५० सालीच वारले. आपल्या चालीची कीर्ती त्यांना फार काळ पाहता आली नाही. नक्शब यांचे नाव आज किती जणांना आठवते?

आता विनाइल पुन्हा शौकाची वस्तू झाले आहे. आवाज साफ केला जातो, वेष्टन देखणे होते. आमच्या मते पुनर्मुद्रणाची कसोटी खरखर किती गेली ही नव्हे. किती नावे परत आली, ही आहे. एकाच आवाजाला मखरात बसवून बाकीच्यांना अंधारात ठेवणारी तबकडी कितीही चकचकीत असो, ती 'कामिनी'चीच नवी आवृत्ती होय.

कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली उतरवावी. सुई लावण्याआधी मधल्या गोल कागदावरचे नाव वाचावे, आणि ज्याचे नाव तिथे नाही त्याची चौकशी करावी.