कारखान्यापर्यंत न पोचलेले सॉफ्टवेअर

एकट्यादुकट्याने सॉफ्टवेअर काढून विकणे आज जितके सोपे आहे तितके पूर्वी कधीच नव्हते. कोड लिहायला मदत करणारा गिटहब कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, पैसे घ्यायला यूपीआय आहे, आणि अ‍ॅपल व गूगल यांनी २०२१ पासून छोट्या विकसकांचे कमिशन तीस टक्क्यांवरून पंधरावर आणले. तरीही या कलेची आजची अवस्था मला चिंतेची वाटते. हत्यारे सुधारली, हातही सफाईदार झाले, पण उत्पादने एकसारखी होत चालली आहेत: कामांची यादी, खर्चाची वही, बिले बनवणारे आणखी एक अ‍ॅप. मग सगळ्यांची तक्रार एकच, आमचे काम कुणाला दिसतच नाही.

दिसावे म्हणून शोधयंत्रासाठी लेखांचा रतीब घातला जातो, नवी उत्पादने मांडणाऱ्या प्रॉडक्ट हंट या संकेतस्थळावर एक दिवस गाजवला जातो. तिथे भेटतात ते मुख्यतः आपल्याच व्यवसायातले लोक. ते कौतुक करतात, पण गिऱ्हाईक होत नाहीत. गिऱ्हाईक दुसरीकडेच असते, उदाहरणार्थ एखाद्या औद्योगिक वसाहतीत.

इंदूरचे पोलोग्राउंड वीज वितरण कंपनीच्या मुख्यालयामुळे ओळखीचे आहे. पण ती शहरातली जुनी औद्योगिक वसाहतही आहे. अशा वसाहतीत बरेच काम जॉब वर्कवर चालते. पत्रा एकाने कापायचा, दुसऱ्याने वाकवायचा, पावडर कोटिंगला तिसऱ्याकडे धाडायचा. माल बाहेर पडताना दर वेळी चलान फाटते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉब वर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत यावा लागतो. मुदतवाढ नसताना तो आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते. आता समजा, शंभर किलो पत्रा गेला आणि दोन हप्त्यांत, दोन वेगळ्या चलानांवर नव्वद किलोचे सुटे भाग आले. उरलेले दहा किलो भंगार झाले की अजून यायचे आहेत? कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या मोठ्या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये याचे उत्तर मिळते, पण पाचसात माणसांच्या कारखान्याला ते परवडत नाही आणि पेलवतही नाही. तिथे सुपरवायझरची वही हाच आधार. ती वही नीट वाचणारे छोटे, स्वस्त सॉफ्टवेअर मला आजही मोठ्या कामाचे वाटते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जन्म अशाच गरजेतून झाला. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. हिशेबाला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितले. ही १९८६ च्या सुमाराची गोष्ट. पुढे ते दुकानादुकानात पोचले त्यात हिशेबनीस आणि सीए मंडळींच्या शब्दाचा वाटा मोठा होता.

इंदूरच्याच वेबदुनियाने १९९९ मध्ये हिंदी पोर्टल सुरू केले, पुढे मराठीही आणले. तेव्हा युनिकोड रुळले नव्हते. वाचकाच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटणे हीच मोठी अडचण होती. तिला हात घातला म्हणून वेबदुनियाचे नाव झाले.

एक अडचण विकसकाच्या हाताबाहेरची आहे. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वर्गणी कापण्याचे नियम कडक झाले, त्यामुळे दरमहा वर्गणीचा परदेशी नमुना इथे अडखळतो. वर्षाची रक्कम एकदम घेणे हा मला इथला सरळ मार्ग वाटतो.

नवे काही काढू पाहणाऱ्या मराठी विकसकांना माझी विनंती आहे: महिनाभर एखाद्या कारखान्यात बसा, चलाने पाहा, सुपरवायझरशी बोला, मालकाच्या कर सल्लागाराला भेटा. संकेतस्थळ नंतर करता येईल.