कर्लर्स न काढलेली बाई : हिल्डा ऑग्डेन आणि 'कोरोनेशन स्ट्रीट'

मागच्या वेळी आपण १९५०च्या दशकाच्या अखेरीचं इंग्लंड पाहिलं. रिचर्ड हॉगार्टचं १९५७चं 'द यूझेस ऑफ लिटरसी', त्याच्या पुढच्या वर्षी आलेलं शीला डिलेनीचं 'अ टेस्ट ऑफ हनी', कामगारवस्तीतल्या स्वयंपाकघरात घडणारी ती सगळी नाटकं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं नाट्यगृहातलं झालं; पण ज्यांच्यावर ही नाटकं लिहिली, ते लोक कामावरून घरी आल्यावर काय बघत होते? प्रश्न अगदी रास्त. म्हणून आज मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे. ती खरी नव्हती, पण तिच्याइतकी ओळखीची खरी बाई त्या काळच्या इंग्लंडमध्ये शोधायला गेलं तर फार थोड्या सापडतील.

'कोरोनेशन स्ट्रीट'चा पहिला भाग ९ डिसेंबर १९६० रोजी दाखवला गेला. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनची ही मालिका टोनी वॉरन नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलाने कल्पिली. गाव वेदरफील्ड, काल्पनिक, पण डोळ्यांसमोर सॅलफर्ड. विटांच्या, एकमेकांना भिंतीने चिकटलेल्या घरांची एक ओळ, एका टोकाला 'रोव्हर्स रिटर्न' हा पब, दुसऱ्या टोकाला कोपऱ्यावरचं दुकान. मालिका अजून चालू आहे. आता यात एक विरोधाभास आहे. ज्या वर्षांत ही गल्ली पडद्यावर उभी राहिली, त्याच वर्षांत खऱ्या सॅलफर्डमध्ये अशा गल्ल्या पाडण्याचं काम चालू होतं. लोकांना उंच इमारतींमध्ये हलवलं जात होतं. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हाच ती थोडी आठवण झाली होती. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

१९६४ मध्ये ऑग्डेन कुटुंब १३ नंबरच्या घरात राहायला आलं. नवरा स्टॅन, आधी लॉरी चालवायचा, मग खिडक्या पुसायला लागला, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळ काहीच करायचा नाही, पबमध्ये बसायचा. बायको हिल्डा. ती त्याच पबमध्ये झाडलोट करायची. हिल्डाची भूमिका जीन अलेक्झांडर यांनी १९६४ पासून १९८७च्या नाताळापर्यंत केली. तेवीस वर्षं! तेव्हा मालिका आठवड्यातून दोनदा असायची, सोमवारी आणि बुधवारी. म्हणजे घरात येणाऱ्या एखाद्या नातेवाइकापेक्षा हिल्डा जास्त वेळा घरात यायची.

ती दिसायची कशी, ते आधी सांगते. डोक्याला रुमाल, रुमालाखाली केसांत कर्लर्स, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, तोंडाच्या कोपऱ्यात सिगारेट. आवाज किरटा. काम करताना गायची, आणि ते गाणं म्हणजे शेजाऱ्यांना शिक्षा. बातम्या सगळ्यांआधी तिच्याकडे. यात नवल नाही, कारण जी बाई सकाळी इतरांच्या आधी येऊन काल रात्रीचे ॲशट्रे रिकामे करते तिला कुणाचं काय चाललंय ते कळणारच. टीकाकार तिला 'गॉसिप' म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, जिच्याकडे पैसा नाही, शिक्षण नाही, रूप नाही, तिच्याकडे देवाणघेवाणीला उरते ती माहिती. हिल्डा ती जपून खर्च करायची.

पण मला बोलायचंय ते कर्लर्सबद्दल. जीन अलेक्झांडर लिव्हरपूलच्या. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्या बायका दिवसभर कर्लर्स लावून, वर रुमाल बांधून यंत्रावर उभ्या राहायच्या. कशासाठी? तर संध्याकाळी कुणी बाहेर बोलावलंच, नाचायला जायचं ठरलंच, तर रुमाल सोडला की केस तयार. हिल्डाचं रूप त्यांनी तिथून उचललं. आता हे लक्षात ठेवून परत हिल्डाकडे बघा. युद्ध संपून वीस वर्षं झाली, तीस झाली, आणि या बाईचे कर्लर्स अजून केसांतच आहेत. ती अजून तयारीत आहे. संध्याकाळ काही येत नाही.

प्रेक्षक त्या कर्लर्सना हसले. मीसुद्धा पहिल्यांदा जुने भाग पाहिले तेव्हा हसले, हे कबूल करते. आणि आजच्या बोलण्याचा खरा प्रश्न हाच आहे, की हे हसणं कसलं? गरीब, अर्धशिक्षित, हौशी बाईला सुस्थितीतले लोक हसतात ते? की तिच्यासारख्याच बायका घरी बसून स्वतःला हसतात ते? दोन्ही हसणी एकाच विनोदावर, एकाच वेळी उमटू शकतात, आणि पडद्यावर त्यांच्यात फरक दिसत नाही.

उदाहरण घेऊ. हिल्डाच्या बैठकीच्या खोलीत एक भिंतभर चित्र होतं, छापील कागदाचं, डोंगराचं दृश्य. त्यावर प्लास्टरची तीन उडती बदकं टांगलेली. मधलं बदक नेहमी चोच खाली करून, आता पडतं की मग पडतं असं. या चित्राला ती 'म्यूरल' म्हणायला जायची आणि म्हणायची 'म्यूरिएल'. म्यूरिएल हे बाईचं नाव आहे. चुकीच्या शब्दावर विनोद करणं हा तसा स्वस्त प्रकार. आपल्याकडेही नाटकातल्या नोकराच्या तोंडी मोडकं इंग्रजी घालून किती टाळ्या वसूल झाल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण इथे फरक असा, की हिल्डाला तो शब्द हवा होता. तिला घरात 'चित्र' नको होतं, 'म्यूरल' हवं होतं. पबची मालकीण ॲनी वॉकर, डोरिस स्पीड यांनी ती झकास केली, ती स्वतःला खानदानी समजायची आणि हिल्डाला एका बोटाने काम दाखवायची. हिल्डाच्या भिंतीवरचे डोंगर हे त्या बोटाला दिलेलं उत्तर होतं. आणि ते चित्र तिच्या घरात इतकी वर्षं राहिलं, की पुढे लाखो लोक त्याला म्यूरिएलच म्हणायला लागले. शब्दकोश हरला म्हणायचं.

आणखी एक प्रसंग, १९७७चा. हिल्डा एका स्पर्धेत बक्षीस जिंकते: चांगल्या हॉटेलात एक रात्र, नवऱ्याबरोबर, दुसरा मधुचंद्र. ती नटते. लिपस्टिक लावते. स्टॅन तिचं चुंबन घेतो आणि विचारतो, याची चव कसली आहे? ती सांगते, ही बाईची चव आहे, स्टॅनली. एका वाक्यात हशा आहे, आणि तेरा वर्षांचा राग आहे, आणि प्रेमही आहे. स्टॅनला या चवीचा विसर पडलाय, हे ती त्याला सांगते. तिला स्वतःला मात्र पडलेला नाही.

आता १९८४. स्टॅनची भूमिका करणारे बर्नार्ड यूएन्स बरीच वर्षं आजारी होते, पक्षाघाताचे झटके येऊन गेले होते. (गंमत म्हणजे हा माणूस त्याआधी ग्रॅनडाचा निवेदक होता, अगदी साफ, घोटीव इंग्रजी बोलणारा. स्टॅनचं ते पोट आणि ती जीभ हा शुद्ध अभिनय.) ऑगस्ट १९८४ मध्ये ते गेले. मालिकेत स्टॅनचा मृत्यू नोव्हेंबरमध्ये लिहिला गेला. अंत्यविधी होतो, लोक येतात, जातात. मग हिल्डा एकटी आहे, समोर टेबलावर हॉस्पिटलमधून आलेलं स्टॅनच्या सामानाचं पुडकं. ती ते सोडते. आत त्याचे कपडे, आणि त्याच्या चष्म्याचं घर. ते घर हातात घेतल्यावर ती रडते. बस. संगीत नाही, या मालिकेत पार्श्वसंगीत वापरायची पद्धतच नव्हती. संवाद नाही. वीस वर्षं जिचं तोंड बंद झालं नाही, तिच्या तोंडी लेखकाने एक शब्द दिला नाही.

या दृश्याबद्दल एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की जीन अलेक्झांडर तिथे खऱ्या रडल्या, सहकाऱ्यासाठी रडल्या. वीस वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं तो गेला, तर दुःख असणारच. पण ही स्तुती मला पटत नाही. ती बाईचं कसब काढून घेते. मुळात त्या दृश्याचं बळ रडण्यात नाही, त्याआधीच्या पुडकं सोडण्यात आहे. गाठ सोडायची, कागद फाडायचा नाही. वस्तू एकेक करून बाहेर काढायची, नीट ठेवायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू आवरलेल्या हातांची ती सवय आहे. हे नुसत्या दुःखातून येत नाही, निरीक्षणातून येतं. मोलकरणीच्या कामाला कौशल्य न म्हणण्याची आपली जी खोड आहे, तीच इथे मोलकरणीची भूमिका करणाऱ्या नटीच्या वाट्याला आली, असं मला वाटतं. १९८५ मध्ये रॉयल टेलिव्हिजन सोसायटीने त्यांना अभिनयाचा पुरस्कार दिला, एवढं बरं.

आणि वीस वर्षं हसल्याशिवाय ते दृश्य चाललं नसतं. चष्म्याचं घर ही काही करुण वस्तू नाही. ते स्टॅनचं आहे, त्या आळशी, बियर पिणाऱ्या, तिच्या शिव्या खाणाऱ्या माणसाचं आहे, म्हणून आपण गप्प होतो. दीर्घ मालिका जे करू शकते आणि दोन तासांचं नाटक करू शकत नाही, ते हेच. नाटकाला पात्राचा भूतकाळ सांगावा लागतो. इथे तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या आयुष्यातच जमा झालेला असतो.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये खऱ्या उत्तर इंग्लंडमध्ये काय चालू होतं? खाण कामगारांचा संप. मार्चपासून सुरू होता, पुढच्या मार्चपर्यंत चालला. अख्खी गावं उपाशी राहत होती. आणि देशातली सगळ्यात लाडकी कामगारवस्ती चष्म्याच्या घरावर रडत होती. डाव्या समीक्षकांनी हा आरोप पूर्वीपासून केलाय, की या गल्लीत कामगार आहेत पण कामगार चळवळ नाही; शेजारधर्म आहे, युनियन नाही. आरोप खरा आहे. मी मघाशी म्हटलं तसं, ही गल्ली सुरुवातीपासूनच आठवणीतली होती, आणि आठवणीत संप नसतात. तरीही मला हिल्डा या आरोपातून थोडी सुटलेली वाटते. बाकी गल्लीत काम बहुधा पडद्यामागे होतं. लोक कामावरून येतात आणि पबमध्ये बसतात. हिल्डाचं काम मात्र पडद्यावर दिसतं. बादली, फडकं, गुडघ्यांवर बसणं. इतरांचा फुरसतीचा पब हीच तिची कामाची जागा आहे.

योगायोग म्हणून सांगते, त्याच १९८४च्या जुलैमध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, आपल्या वसंत साठ्यांच्या मेक्सिको भेटीतून निघालेली कल्पना. तिथे निम्न मध्यमवर्ग होता. त्यानंतर आपल्या मालिकांमधली घरं मोठी होत गेली, आणि धुणीभांडी करणारी बाई चहाचा ट्रे ठेवून आत जायला लागली. तिच्यावर तेवीस वर्षं कॅमेरा कुणी ठेवला नाही. हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, सोडून देते.

शेवटचा प्रसंग. १९८७ मध्ये हिल्डा डॉक्टर लोथर यांच्या घरी कामाला असते. तिथे चोर शिरतात, तिला मारहाण होते, डॉक्टरांची बायको त्या घटनेत जाते. डॉक्टर डर्बीशायरला जायचं ठरवतात आणि हिल्डाला विचारतात, घर सांभाळायला याल का? ती हो म्हणते. २५ डिसेंबर १९८७ला रोव्हर्समध्ये तिचा निरोप होतो, ती गाते, सगळे गातात. पुनर्प्रक्षेपण धरून हा भाग २ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा देश.

हा शेवट सगळे सुखाचा मानतात. खेड्यातलं छान घर, चांगला माणूस, हिरवळ. भिंतीवरचे डोंगर सोडून ती खऱ्या टेकड्यांकडे गेली, असंही म्हणता येईल, आणि लेखकांनी ते मनात ठेवलं असेल तर त्यांना दाद द्यायला हवी. पण जरा थांबून बघू. आयुष्यभर दुसऱ्याचं घर पुसलेल्या बाईला बक्षीस काय मिळालं? पुसायला आणखी मोठं घर. मालिकेला, आणि त्या निम्म्या देशाला, तिच्यासाठी याहून वेगळं सुख सुचलं नाही. मला तो निरोप बघताना दर वेळी रडू येतं, आणि दर वेळी यासाठी राग येतो. दोन्ही एकदम. त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

१३ नंबरचं घर तिच्याकडे भाड्याने राहणारा केव्हिन वेब्स्टर आणि त्याची बायको सॅली यांनी विकत घेतलं. पुढच्या वेळी आपण त्या पिढीकडे, म्हणजे थॅचरच्या काळात स्वतःचं घर घेणाऱ्या कामगाराकडे, वळू. आता प्रश्न घेऊ या.