‘कृष्णाकाठ’ : सत्ता सुरू होते तिथे संपणारं आत्मचरित्र

यशवंतराव चव्हाण म्हटलं की माझ्या पिढीला शाळेत पाठ केलेल्या दोन गोष्टी आठवतात. १९६०चा मंगल कलश आणि १९६२मध्ये हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री. ‘कृष्णाकाठ’ हातात घेतल्यावर पहिला धक्का बसतो तो हा, की या दोन्ही गोष्टी त्यात नाहीतच. १९८४ साली आलेलं हे आत्मचरित्र १९४६ला थांबतं. चव्हाण निवडून येतात, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईला जातात आणि पुस्तक संपतं. ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढचे भाग त्यांच्या मनात होते, पण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले.

म्हणजे संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती सांभाळून उपपंतप्रधान झालेल्या माणसाच्या आत्मचरित्रात यातलं एकही खातं नाही. मग ते वाचायचं कशासाठी?

आमच्या कामात सिस्टीम बंद पडली की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात. कोण चुकलं, यापेक्षा त्या क्षणी काय माहीत होतं, पर्याय कोणते होते आणि हाच का निवडला, याची ती नोंद असते. चव्हाण आपल्या तरुणपणाचं जवळपास असंच लिहितात. तुरुंगात ते वाचतात, आचार्य भागवतांसारख्यांकडून शिकतात, गांधी आणि मार्क्स दोघांशी झगडतात. मग एम. एन. रॉय यांच्या विचारांकडे ओढले जातात. दुसऱ्या महायुद्धात रॉय ब्रिटिशांना साथ द्यायला सांगतात, तेव्हा बाजूला होतात. मत बदलणं म्हणजे पलटी मारणं, असं ज्यांना रोज मोबाइलवर ऐकू येतं, त्यांनी ही पानं जरूर वाचावीत. इथे मत बदलायला वर्षं लागतात आणि त्यात मित्र दुरावतात.

किंमत घरालाही मोजावी लागते. २ जून १९४२ला लग्न, ऑगस्टमध्ये चळवळ. नवरा भूमिगत, आणि जानेवारी १९४३मध्ये अटक होते ती वेणूताईंना. हे सांगताना चव्हाण कुठेही आवाज चढवत नाहीत. हा संयम पुस्तकाची ताकद आहे, तशीच मर्यादाही. सहकाऱ्यांबद्दल ते इतकं सांभाळून लिहितात की मतभेदांची धार बोथट होते.

खरी उणीव मात्र पुढच्या कोऱ्या पानांची आहे. आणीबाणीत चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. रॉय यांच्यापासून दूर होण्याची कारणं सांगणारा हा माणूस तेव्हा मंत्रिमंडळात का थांबला, हे त्याच प्रांजळपणे त्याच्याकडूनच ऐकायला हवं होतं. ते राहिलं, याचा दोष लेखकाला देता येणार नाही. पण ती जागा आपण कलश आणि सह्याद्रीनं भरली, हा दोष आपला. पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाहीत. ‘कृष्णाकाठ’मधल्या तरुणाला येतात, कारण तो स्वतःच स्वतःला विचारत असतो.