मलिक की मालिक? कुराणाच्या पाठभेदांविषयी

महमूद खलील अल-हुसरी या इजिप्शियन कारींची कुराणपठणाची दोन ध्वनिमुद्रणे मी गेल्या पावसाळ्यात लागोपाठ ऐकली. आवाज तोच, पहिला अध्याय अल्-फातिहा तोच. एका ठिकाणी मात्र अडखळलो. एकात न्यायदिनाचा 'मालिक' होता, दुसऱ्यात 'मलिक'. मालिक म्हणजे धनी. आपला 'मालक' त्याच अरबी शब्दातून आलेला. मलिक म्हणजे राजा. फरक एका दीर्घ स्वराचा. ऱ्हस्वदीर्घावरून संपादकांना पत्रे धाडणाऱ्या आपल्या समाजाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

पहिले पठण कूफ्याच्या आसिमचे, त्याचा शिष्य हफ्स याच्याकडून आलेले. दुसरे मदिनेच्या नाफिअचे, वर्शमार्फत आलेले. दोन्ही प्रमाण. भारतातल्या मशिदींत ऐकू येते ते हफ्सचे. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत वर्शचे. लिबियात नाफिअच्याच दुसऱ्या शिष्याचे, कालूनचे. पाठभेद म्हणजे ग्रंथावर साचलेली धूळ, ती झटकली की खाली मूळ संहिता सापडते, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो. कुराणाच्या बाबतीत दोन प्रकारची माणसे भेटतात. एकाला वाटते, एका अक्षराचाही फरक कुठे नाही. दुसऱ्याला वाटते, फरक सापडला म्हणजे चोरी पकडली. दोघांचीही या परंपरेशी ओळख नाही, असे माझे मत झाले आहे.

आरंभीची अरबी लिपी नुसता सांगाडा होती. ऱ्हस्व स्वर लिहीत नसत, दीर्घ 'आ' पुष्कळदा गाळला जाई, व्यंजने वेगळी करणारे नुक्ते क्वचितच देत. म्हणून 'मलिक' आणि 'मालिक' एकाच तीन अक्षरी सांगाड्यात बसतात. एकोणपन्नासाव्या अध्यायात कोणी भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर काय करावे, हे सांगितले आहे. बहुतेक कारी वाचतात 'नीट उलगडा करून घ्या'. कूफ्याचे हम्जा आणि किसाई वाचतात 'दमाने घ्या, थांबून पडताळा'. सांगाडा एकच, बदलतात ते नुक्ते.

पाचव्या अध्यायातील वुजूच्या आयतीत गोष्ट विधीपर्यंत जाते. पाय धुवायचे की ओल्या हाताने नुसते पुसायचे? 'पाय' या शब्दाची विभक्ती काहींनी 'धुवा' या क्रियेशी जुळवून वाचली, काहींनी 'डोके पुसा' याच्याशी. सुन्नी धुतात, शिया पुसतात. गंमत अशी की इराणात छापला जातो तो हफ्सचाच पाठ, आणि त्यातली विभक्ती वरकरणी धुणाऱ्यांच्या बाजूची. तरी तिथे पाय पुसतात आणि तीच विभक्ती वेगळ्या अन्वयाने लावतात. उलट सुन्नी विद्वानांनी आपल्याला अडचणीचा दुसरा पाठ सप्त-पठणांतून हाकलला नाही. त्यावर भाष्ये लिहिली. आसिमचे दोन शिष्य हफ्स आणि शुअबा या शब्दावर एकमेकांहून वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

मग वाटेल तसे वाचायला मुभा होती का? याचे उत्तर दहाव्या शतकातल्या बगदादेत मिळते. इब्न मुजाहिदने (मृत्यू 936) मदिना, मक्का, बसरा व दमास्कसचा प्रत्येकी एक आणि कूफ्याचे तीन असे सात कारी निवडून ग्रंथ रचला. त्याच्याच काळात दोन खटले झाले. 934 मध्ये इब्न मिकसमला जाब विचारला गेला. त्याचे म्हणणे, सांगाड्यात बसते आणि व्याकरणाला धरून आहे ते वाचावे, गुरूकडून ऐकलेले असण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी इब्न शनबूझला उभे केले. त्याचे नेमके उलटे: त्याच्याकडे ऐकीव परंपरा होती, पण ते पाठ उस्मानी सांगाड्यात बसत नव्हते. त्याला वजीर इब्न मुक्लासमोर फटके मारण्यात आले. हा इब्न मुक्ला अरबी सुलेखनातला अग्रगण्य कलावंत. पुढे राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि चरित्रकारांनी त्याचे नाते इब्न शनबूझच्या शापाशी जोडले. कथा सोडून देऊ. मला महत्त्वाची वाटते ती या दोन खटल्यांची जोडी. नुसत्या लेखनावर विसंबणारा दोषी आणि नुसत्या स्मरणावर विसंबणाराही दोषी. लेखन हे इथे कुंपण आहे, आवाज गुरूच्या तोंडून यावा लागतो. फटक्यांचे समर्थन मी करणार नाही, पण त्यामागचा विचार आडमुठा नव्हता.

व्याकरणकारांना हे सहज पचले नाही. सहाव्या अध्यायात दमास्कसच्या इब्न आमिरने एका जागी षष्ठीचा संबंध असलेल्या दोन शब्दांच्या मधे कर्म घातले आहे. अरबीत हे कानाला टोचते. बाराव्या शतकात जमख्शरीने त्याला झोडपले: सीरियन प्रतीत एक जादा अक्षर पाहून हा फसला, असा त्याचा आरोप. पुढे अंदलुसी अबू हय्यानने जमख्शरीलाच फैलावर घेतले. अरबीच्या नियमांनी पठण मोजायचे की पठणावरून अरबीचे नियम ठरवायचे, हा त्याच्या रागामागचा प्रश्न. मी व्याकरणाच्या शिस्तीत वाढलेला; माझी सहानुभूती जमख्शरीकडे जाते. पण वाद जिंकला अबू हय्यानच्या पक्षानेच.

पुण्यात सुकथनकरांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती 1933 मध्ये पुरी केली. वर सिद्ध संहिता, तळाशी पाठभेद. त्याच जर्मन शिस्तीतला बेर्गश्ट्रेसर कुराणासाठी अशाच कामाची जुळवाजुळव करत असताना त्याच 1933 मध्ये डोंगरावरून पडून वारला. ती आवृत्ती काही झाली नाही. ती व्हायला हवी, असेच मला वाटते. सना येथे 1972 मध्ये सापडलेल्या चर्मपत्रांत खरवडून पुसलेला, उस्मानी पाठाहून वेगळा असा मजकूर आहे. त्याला जागा तळटीपेतच मिळू शकते. मात्र किराअतींना तळटीप म्हणता येत नाही. वर्शचे पठण हा हफ्सचा पाठभेद नव्हे. पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत ते स्वतंत्र, संपूर्ण पठण आहे. त्यात हम्जाचा उच्चार जागोजाग गळतो, 'आ' किंचित 'ए'कडे झुकतो. तळटीप हे सगळे कसे दाखवणार?

हे वैविध्य आकसले ते अलीकडे. 1924 मध्ये कैरोत राजाश्रयाने छापलेली प्रत हफ्सची होती. जुनी हस्तलिखिते ताडून ती केलेली नाही, लेखन आणि पठणावरच्या शास्त्रग्रंथांवरून केलेली. ती स्वस्त झाली, सर्वदूर गेली. 1961 मध्ये हुसरींच्या आवाजात पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण निघाले, तेही हफ्सचे. छापखान्याने आणि रेडिओने जे केले ते बगदादच्या वजिराला जमले नव्हते. हुसरींनी पुढे वर्श, कालून आणि सुदानात चालणारे दूरी यांचेही पठण मुद्रित केले, म्हणून आज माझ्यासारख्याला घरबसल्या तुलना करता येते.

वर्शचे मुद्रण मी आता जास्त ऐकतो. चौथी आयत आली की कान अजून दीर्घ 'आ'ची वाट पाहतो. ती खोड हफ्सने लावलेली नाही, मराठीतल्या 'मालका'ने लावलेली आहे.